पिनबॉलचं चुंबक गोळी सोडत नाही, फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो? आधी गोळ्या तपासा

पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी गोळी खेळवायचं मशीन. तक्रार अशी. गोळी फळीवरच्या चुंबकापाशी येते, चुंबक तिला धरतं. इथवर ठीक, ते त्याचं कामच आहे. दोन सेकंदांनी सोडायला हवं, तर सोडत नाही. गोळी तिथेच डुगडुगत बसते. मशीनला वाटतं गोळी हरवली, मग ते शोधायला लागतं, म्हणजे एकेक कॉइल (भाग हलवणारं तारेचं वेटोळं) ठोकून बघतं. टक, टक, धाड. कधी गोळी सुटते, कधी काचेवर थाप मारावी लागते. अधूनमधून लाँचरच्या गल्लीत एकीऐवजी दोन गोळ्या हातात हात घालून येतात. आणि थोड्या दिवसांनी चुंबकाचा फ्यूज जातो. फ्यूज बदलला की सगळं सुरळीत. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

मी हा बिघाड एकाच मशीनवर चार वेळा दुरुस्त केला. चार वेळा म्हणजे तीन वेळा चुकीचा, हे उघड आहे. सगळं सविस्तर लिहितो, कारण यातल्या प्रत्येक चुकीला त्या वेळी पुरावा होता.

मशीन माझ्या आतेभावाचं. दादा बरीच वर्षं अमेरिकेत होता, परत इंदूरला आला तेव्हा घरसामानाच्या कंटेनरमधून हे नव्वदीतलं पिनबॉल घेऊन आला. लोकमान्य नगरच्या घरी हॉलमध्ये दिवाणाच्या जागी ते उभं आहे आणि दिवाण गच्चीवर गेलाय, यावरून वहिनींचं मत काय असेल ते ओळखा. मी टीव्ही, यूपीएस, इन्व्हर्टर दुरुस्त करणारा माणूस. पिनबॉल आधी कधी उघडलं नव्हतं. पण दादाचं म्हणणं, "वायरी आहेत, ट्रान्झिस्टर आहेत, तुला अजून काय पाहिजे?" मशीनचं नाव सांगत नाही, दोष त्याचा नव्हता.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो. स्टेपलरची एक सुटी पिन घ्या आणि मशीनमधल्या प्रत्येक गोळीला लावून उचलून बघा. पिन गोळीला लटकली तर तुमचं चुंबक बहुतेक निर्दोष आहे. गोळीच चुंबक झाली आहे. पुढचं वाचल्याशिवाय ट्रान्झिस्टर मागवू नका.

आता हे चुंबक करतं काय ते थोडक्यात, कारण माझी पहिली चूक तिथूनच झाली.

फळीखाली तांब्याच्या तारेची जाड कॉइल, तिच्या मधोमध लोखंडी गाभा. काही मशीनींत हा गाभा फळीच्या भोकातून वर येतो आणि पृष्ठभागाशी सपाट बसतो, वरून रुपयाच्या नाण्यासारखा दिसतो. काहींत चुंबक लाकडाखाली लपलेलं असतं. १९८० साली विल्यम्स कंपनीचं ब्लॅक नाइट आलं, स्टीव्ह रिची यांनी आखलेलं. त्यात मॅग्ना-सेव्ह नावाची सोय होती. गोळी बाजूच्या गल्लीतून गटारात निघाली की खेळणाऱ्यानं जादा बटण दाबायचं, आणि चुंबक तिला वरच धरून ठेवायचं. म्हणजे चुंबक खेळणाऱ्याच्या बाजूनं. १९९२ च्या अ‍ॅडम्स फॅमिलीत पॅट लॉलर यांनी उलटं केलं. फळीखाली तीन चुंबकं दडवली, ती चालू-बंद होत राहतात आणि सरळ जाणारी गोळी भूत लागल्यासारखी वाकडीतिकडी पळते. शिवाय त्यात पेटीतून एक हात बाहेर येतो आणि चुंबकानं गोळी उचलून नेतो. हे मशीन वीस हजारांहून जास्त विकलं गेलं, पिनबॉलच्या धंद्यात हा आकडा फार मोठा.

माझ्या मुद्द्याला लागू पडणारं मशीन मात्र त्याच्या पुढच्या वर्षीचं. १९९३ च्या ट्वायलाइट झोनमध्ये, तेही लॉलर यांचंच, बाकीच्या गोळ्यांबरोबर एक पांढरी चिनी मातीची गोळी असते. हलकी, त्यामुळे वेगवान, आणि चुंबकाला अजिबात न जुमानणारी. तीच फळी, तीच चुंबकं, तोच प्रोग्रॅम. फक्त गोळी बदलली की चुंबक असून नसल्यासारखं. हे मला आधी माहीत असतं तर डोक्यात आलं असतं की चुंबक एकटं काही करत नाही, अर्धा कारभार गोळीचा आहे. मी मात्र पहिले दोन महिने फळीखालीच बघत बसलो.

पहिली वेळ, फ्यूज

दादाचा फोन आला, चुंबक मेलं. गेलो, मागची पेटी उघडली, फ्यूज गेलेला. होल्डरमध्ये बघतो तर आधीच्या कुणीतरी एका फ्यूजवर बाहेरून तार गुंडाळून ठेवलेली. आपल्याकडचा जुना आजार. किटकॅटमध्ये (घरातल्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये) तार घालायची सवय असलेला हात काचेच्या फ्यूजलाही सोडत नाही. ती तार काढली, कंपनीनं छापलेल्या अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज घातला. स्लो-ब्लोच घ्या. चुंबक चालू असतं तेवढे क्षण मोठा करंट ओढतं, साधा फ्यूज तेवढ्यानंच जातो आणि तुम्ही नसलेला बिघाड शोधत बसता.

इथे एक गंमत. फ्यूज घालूनही चाचणीत चुंबक मेलेलंच. अर्धा तास वायरी तपासल्या. मग कळलं की पुढचं नाण्यांचं दार उघडं असलं की एक सुरक्षा-स्विच कॉइलचा पुरवठाच तोडतो. नव्वदीच्या मधल्या मशीनींत हा स्विच असतो. चाचणी करताना दार उघडं ठेवायचं असेल तर त्या स्विचची दांडी बाहेर ओढून ठेवावी लागते. पण ती ओढलीत म्हणजे फळीखाली पन्नास ते सत्तर व्होल्ट डीसी जिवंत आहेत, हे विसरू नका. बंद केल्यावरही मोठे कपॅसिटर थोडा वेळ भरलेले असतात. मीटर लावून उतरलेत की नाही बघा, मगच हात घाला.

दहा-बारा दिवस चाललं. पुन्हा फोन.

दुसरी वेळ, ट्रान्झिस्टर आणि वाइंडिंगवाला

या वेळी फ्यूज घालताक्षणी चुंबक आपोआप चालू झालं, कुणी न सांगता, आणि काही सेकंदांत वार्निश जळल्याचा वास. लगेच बंद केलं. असं झालं तर समजा, चुंबकाला चालवणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आहे. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून कलेक्टर ते एमिटर (ट्रान्झिस्टरचे दोन पाय) मोजलं, दोन्ही दिशांनी शून्याजवळ. चांगला असता तर किमान एका दिशेनं काहीच दाखवलं नसतं.

ट्रान्झिस्टर बदलणं हे दहा मिनिटांचं काम. पण तो मेला कशानं, हा प्रश्न पहिल्या भेटीत मी स्वतःला विचारला नव्हता. या वेळी कॉइल मोजली. कॉइलवरच्या कागदावर तारेचा गेज, म्हणजे जाडीचा नंबर, आणि वेढे छापलेले होते, त्यावरून हिशेब करता रेझिस्टन्स पाच ओहमच्या आसपास यायला हवा. मीटर दाखवत होता ३.४. म्हणजे आतल्या तारेचं इनॅमल कुठेतरी उष्णतेनं गेलेलं, काही वेढे एकमेकांना चिकटलेले. पन्नास व्होल्टवर पाच ओहम म्हणजे १० अँपिअर, ३.४ ओहम म्हणजे जवळजवळ १५. ट्रान्झिस्टर किती दिवस सोसणार?

कॉइलच्या टोकांना एक डायोड असतो, या मशीनमध्ये तो बोर्डावर होता. कॉइल बंद होताना उलटा झटका देते, तो झटका हा डायोड गिळतो. तो तुटला की सगळा झटका ट्रान्झिस्टरवर. त्यामुळे ट्रान्झिस्टर बदलाल तेव्हा डायोडही बदलाच, चाराण्याची वस्तू आहे. पट्टीचं टोक प्लसकडे. उलटा लावलात तर ताबडतोब कळेल.

नवी कॉइल परदेशातून यायला महिना लागणार होता. म्हटलं, इंदुरात पंपांच्या मोटरी भरणारे इतके आहेत, कॉइल भरून घेऊ. घेतली. आणि इथे जी चूक झाली ती नीट लिहितो, कारण ही चूक तुम्हीही कराल.

कागदावर गेज २२ होता. वाइंडिंगवाल्याला सांगितलं, "भिया, बाईस नंबर का तार." त्यानं २२ नंबरची तार भरली, वेढेही मोजून तेवढेच. त्याचं काही चुकलं नाही. पण अमेरिकन गेजची २२ नंबरची तार ०.६४ मिलिमीटर जाडीची असते आणि आपल्याकडे मोटरवाले जो गेज बोलतात त्यातली २२ नंबरची ०.७१. आकडा एक, तार वेगळी. जाड तार म्हणजे रेझिस्टन्स कमी. घरी आणून मोजली तर ४.१ ओहम. बॉबिनही, म्हणजे तारेचं रीळ, जरा फुगलेलं, कडेची चकती वाकलेली, तेव्हाच शंका यायला हवी होती. बसवली असती तर करंट वीस-बावीस टक्क्यांनी वाढला असता आणि मी पुन्हा फ्यूज विकत घेत बसलो असतो.

परत गेलो. वाइंडिंगवाला हसला, म्हणाला, "साहब, नंबर मत बोला करो, माइक्रोमीटर से नापो." जुन्या कॉइलच्या टोकाची तार खरवडून, इनॅमल काढून मोजली आणि त्या मापाची घेतली. दुसऱ्यांदा भरलेली कॉइल पाच ओहमच्या अगदी जवळ आली. तीच आजही चालू आहे.

जाता जाता व्होल्टेजही बघून घेतलं. अमेरिकेतून आलेल्या मशीनच्या ट्रान्सफॉर्मरला जंपर (जोडणी बदलायच्या तारा) असतात, ते आपल्या २३० ला जुळवावे लागतात. दादानं ते आणल्या आणल्या करून घेतलं होतं, पण खालच्या टॅपवर, म्हणजे कमी व्होल्टेजच्या जोडणीवर. रात्री साडेदहानंतर दादाच्या सॉकेटवर मी २४८ बघितले. टॅप वरचा केला. यामुळे बिघाड झाला असं नाही, पण झालाच असता तर लवकर झाला असता.

मी निर्धास्त झालो. कॉइल नवी, ट्रान्झिस्टर नवा, डायोड नवा, फ्यूज योग्य. दादाला सांगितलं, आता दहा वर्षं बघायला नको.

तिसरी वेळ, गोळ्या

अठरा दिवस. या वेळी फ्यूज शाबूत होता, चुंबक चाचणीत व्यवस्थित ओढत होतं, सोडत होतं. पण खेळात गोळी सुटेना.

मग जरा शांतपणे बसून साधा हिशेब केला. पिनबॉलची गोळी २७ मिलिमीटर व्यासाची, वजन ८० ग्रॅम. फळीचा उतार साधारण साडेसहा अंश. म्हणजे गोळीला उतारावरून खाली ओढणारा जोर ८० ग्रॅमचा नव्हेच, तो भरतो जेमतेम ९ ग्रॅम. दोन रुपयांच्या एखाद-दुसऱ्या नाण्याएवढा! गोळीला गाभ्यावर अडवून ठेवायला एवढंसंच काहीतरी पुरतं. करंट पूर्ण बंद असला तरी.

तर करंट बंदच करून बघितलं. मशीनचा प्लग काढला, फळीवरची काच काढली, गोळी हातानं गाभ्यावर ठेवली आणि सोडली. जागची हलली नाही. प्लग काढलेला आहे, आणि चुंबक पकडून बसलंय!

आता दोन शक्यता. एकतर गाभा खाली बसलाय किंवा त्याच्या कडेचं लाकूड झिजलंय, म्हणजे गोळी खळग्यात बसते. नाहीतर खरंच चुंबकत्व आहे. हे वेगळं करायला मी पुतण्याची एक मोठी काचेची गोटी घेतली. गाभ्यावर ठेवली, सोडली. गडगडत थेट खालच्या फ्लिपरपाशी, म्हणजे गोळी परत वर उडवणाऱ्या दांड्यांपाशी. खळगा असता तर गोटीही अडली असती. ही चाचणी फुकट आहे, मीटर लागत नाही, आणि मला वाटतं ती सगळ्यात आधी करावी. गोटी अडली तर गाभ्याखालचा नट फिरवून गाभा फळीशी सपाट करा, केसभर खाली चालेल, वर नको. वर आला तर प्रत्येक गोळी ठेचकाळेल.

मग स्टेपलरची पिन. पहिल्या गोळीनं उचलली. दुसरीनंही. तिसरी गोळी पहिलीजवळ नेली तर टक्कन चिकटली. दोन गोळ्या एकदम का येत होत्या ते तेव्हा कळलं. गोळ्या थांबतात त्या पन्हळीत त्या एकमेकींना धरून बसायच्या, आणि किकर (गोळी बाहेर ढकलणारा दांडा) एकीला उडवायचा तेव्हा दुसरीही पदर धरून यायची.

आणि मग आठवलं की या गोळ्या मी आणल्या होत्या. मूळच्या गोळ्या कंटेनरच्या प्रवासात आणि नंतर एका पावसाळ्यात गंजल्या होत्या. दादा म्हणाला, नव्या मागवू. मी म्हटलं, कशाला, सियागंजमध्ये बेअरिंगच्या दुकानात मिळतील. मिळाल्याही, एक इंच आणि एक-सोळांश, मापात शंभर टक्के. आरशासारख्या लखलखीत, मूळच्या गोळ्यांपेक्षा सुंदर. फार खूश होतो मी माझ्यावर.

बेअरिंगची गोळी बनते क्रोमवाल्या कडक पोलादाची, ज्यात साधारण १ टक्का कार्बन आणि दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम असतं, आणि ते पाणी देऊन भयंकर कडक केलेलं असतं. बेअरिंगला तेच हवं. पण कडक पोलादाचा एक गुण असा की एकदा चुंबकत्व चढलं की ते सोडत नाही. मऊ लोखंड लगेच विसरतं, म्हणून तर चुंबकाचा गाभा मऊ लोखंडाचा करतात. पिनबॉलसाठी विकल्या जाणाऱ्या साध्या कार्बन पोलादाच्या गोळ्यांनाही कालांतरानं चुंबकत्व चढतं, पण बरंच कमी. माझ्या सियागंजी गोळ्या दर फेरीला फळीखालच्या चुंबकाकडून थोडं थोडं घेत राहिल्या आणि परत काहीच दिलं नाही.

आता पूर्ण साखळी लागली. गोळी गाभ्यावर अडते. मशीन थोडा वेळ वाट बघतं, मग शोध सुरू करतं आणि त्यात चुंबकालाही झटके देतं. चुंबक दोन सेकंद चालून मिनिटभर थंड व्हावं अशी रचना. ते पुन्हा पुन्हा चालतंय. कॉइल तापते, इनॅमल जातं, वेढे शॉर्ट होतात, करंट वाढतो, ट्रान्झिस्टर जातो, फ्यूज जातो. मी साखळीच्या शेपटाकडून एकेक कडी बदलत वर येत होतो, आणि शेपूट पुन्हा जळत होतं.

गोळ्यांचं चुंबकत्व उतरवता येतं का? येतं, काही प्रमाणात. माझ्याकडे जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हींच्या काळातलं डीगॉसिंगचं कडं अजून आहे, पडद्यावरचे रंगीत डाग घालवायला वापरायचो ते. चालू करून गोळी त्याच्या मधून हळूहळू फिरवायची, आणि चालू असतानाच कडं दूर न्यायचं, चांगलं हातभर-दीड हात, मग स्विच बंद. घाईनं जवळच बंद केलंत तर उलट नवं चुंबकत्व बसतं. घड्याळजींकडेही लहान डीमॅग्नेटायझर असतो, पण २७ मिलिमीटरची गोळी त्याला जरा जडच जाते. माझ्या बेअरिंगच्या गोळ्या दोन-तीन फेऱ्यांनंतर सुधारल्या, पण पिन थोडी तरी ओढायच्याच. दादानं सुचवलं, गॅसवर तापवू. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांच्या आसपास जातं हे खरं, पण त्याच्या कितीतरी आधी गोळीचा कडकपणा जातो, आणि मऊ पडलेल्या गोळीला खड्डे पडून ती फळी खरवडते. वहिनींनी गॅस दिलाही नसता.

गोळ्या काढल्या, पिनबॉलच्याच नव्या मागवल्या. येईपर्यंत तीन आठवडे हॉलमध्ये शांतता होती, त्याबद्दल घरातल्या एका व्यक्तीनं माझे आभार मानले.

चौथी वेळ

नव्या गोळ्या घातल्या, खेळून बघितलं, चुंबक पकडतंय, सोडतंय. सोळा दिवसांनी दादाचा फोन. गोळी पुन्हा बसते.

खरं सांगतो, त्या दिवशी जावंसं वाटत नव्हतं. गेलो. पिन लावली, नव्या गोळ्यांनी पिन उचलली. सोळा दिवसांत कार्बन पोलादाच्या गोळ्या एवढ्या कशा भारल्या? चुंबक दर फेरीला थोडं देतं हे मान्य, पण एवढं?

वहिनी पोहे घेऊन आल्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यासमोर ठेवलं. दुधाचा हिशेब त्या त्यावर लिहितात. त्यात काही तारखांवर लहान फुली होती आणि काहींवर 'भा'. फुली म्हणजे मशीन बिघडलं. 'भा' म्हणजे भावजी आले.

"बघा भावजी," त्या म्हणाल्या, "प्रत्येक फुलीच्या दीड-अडीच आठवडे आधी तुम्ही येऊन गेलेले आहात. मध्ये मुंज होती तेव्हा तुम्ही दोन महिने आला नाहीत, तर बिघडलंही नाही."

मी म्हटलं, मुंजीत खेळलं कोण? तर म्हणाल्या, "चौदा पोरं होती घरात. तेवढं कधीच खेळलं गेलं नाही."

पोहे थंड झाले. मी आल्यावर नेमकं काय करतो ते आठवायला लागलो. काच काढतो. फळी उचलायच्या आधी गोळ्या काढतो, नाहीतर फळी उभी केल्यावर त्या घरंगळून काहीतरी फोडतात. आणि काढलेल्या गोळ्या ठेवतो कुठे? मशीनच्या पेटीच्या तळाशी. सोयीचं असतं, खाली पडत नाहीत.

फळी उभी केली. पेटीच्या तळाला मोठा स्पीकर असतो, तोंड खाली, म्हणजे त्याचं चुंबक वरच्या बाजूला, उघडं. काळ्या फेराइटची जाड चकती. तिला दोन स्क्रू आणि एक वॉशर चिकटलेले, माझेच, मागच्या वेळी हरवलेले. एक गोळी तळाशी ठेवली. घरंगळत गेली आणि चकतीला बसली. टक्.

दर भेटीत तास-दोन तास सहाच्या सहा गोळ्या स्पीकरच्या चुंबकाला लटकवून मी फ्यूज बदलत होतो. भर म्हणून, पन्हळीतल्या गोळ्या काढायला मी टेलिस्कोपिक चुंबकाची कांडी वापरत होतो, पडलेले स्क्रू उचलायची. तिच्या टोकाला छोटंसं पण जबर चुंबक असतं. म्हणजे गोळ्या काढतानाही चढवत होतो आणि ठेवतानाही. बेअरिंगच्या गोळ्या वाईटच होत्या, ते बदललं ते बरोबरच. पण चांगल्या गोळ्याही माझ्या हातून सुटल्या नव्हत्या.

पुतण्या दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "काका, म्हणजे तुम्हीच?"

आता क्रम असा ठेवलाय. प्लग काढून गोटी सोडतो, मग गोळी सोडतो. गोटी गडगडली आणि गोळी अडली तर पिन लावून बघतो. पिन न उचलणारी गोळीसुद्धा अडली तर गाभाच भारलेला असू शकतो. मऊ गाभा सहसा भारत नाही, पण मधल्या काळात कुणी तिथे कडक पोलादाचा बोल्ट घातला असेल तर नक्की. या तिन्हींत काही नाही निघालं तरच मीटर हातात घेतो: कॉइलचा रेझिस्टन्स, डायोड, ट्रान्झिस्टर, फ्यूजचा आकडा, आणि हे सगळं ज्या क्रमानं लिहिलंय त्याच क्रमानं. फ्यूज शेवटी. गेलेला फ्यूज फक्त निरोप्या असतो.

गाभ्याभोवती फळीवर पारदर्शक चिकटपट्टीचं एक गोल कडं लावलंय. पकडलेली गोळी गाभ्यावर भिंगरीसारखी फिरते आणि कडेचं लाकूड कुरतडते. भारलेल्या गोळीला लोखंडाची बारीक धूळ चिकटलेली असली तर पॉलिश पेपरसारखं. दादाच्या मशीनवर तिथलं वार्निश गेलेलंच आहे, ते आता भरून येणार नाही.

कांडी मी घरी ठेवून जातो. गोळ्या हातानं काढतो आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला टीपॉयवर, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवतो. डबा वहिनींनी दिला, वर स्केचपेननं लिहून, "भावजी, इथे."

पाच महिने झाले. कॅलेंडरवर या काळात दोन 'भा' आहेत, फुली नाही. मागच्या रविवारी सहाही गोळ्यांना पिन लावून बघितली. पाच स्वच्छ. सहावीनं पिन उचलली नाही, पण जराशी फिरवली. तिला बाजूला काढून ठेवलंय, पुढच्या वेळी कडं घेऊन जाईन.